डाव्या दाराचा पोचा

मी, रघुनाथ चांगो पष्टे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, मूळ राहणार म्हसा, तालुका मुरबाड, हल्ली मुक्काम आसनगाव, तालुका शहापूर, तिसरा मजला, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डावे अंग लुळे आहे, पण कायद्याला डोके पुरते, असे वकीलबाई म्हणाल्या. उजव्या हाताने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, हे लिहीत आहे. सही कुठे करणार ते शेवटी येईल.

आधी माझी परिस्थिती. झटका आल्यापासून मी हा मजला उतरलेलो नाही. लिफ्टच्या नावाने ठेवलेल्या खोबणीत लोक सायकली आणि भाताची पिंपे ठेवतात. एकदा सोसायटीच्या पोरांनी मला खुर्चीसकट उचलले, पहिल्याच वळणावर खुर्ची कलंडली आणि माझे कपाळ फुटले. तेव्हापासून माझा मुलगा सुयोग खाली जायचे नाव काढू देत नाही. "बाबा, परत पडलात तर मी काय करू?" एवढेच बोलतो. त्याच्या डोळ्यांत पाणी येते म्हणून मी गप्प बसतो. पण मी अडकलो आहे, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

१. म्हशाचे घर आणि त्यामागची जमीन सुयोगला. विकायची तर वीक. मला विचारू नकोस, वाईट वाटेल.

२. माझी बायको सावळी हिच्या सोन्याच्या पाटल्या आणि बँकेत असेल ते सूनबाई भाग्यश्रीला. माझे हागणेमुतणे तिने तोंड वाकडे न करता केले. पोरी, मी तुझ्यावर ओरडलो ते या भिंतींचा राग तुझ्यावर काढला. दुसरे कोण होते समोर?

३. पत्रा ठोकायच्या माझ्या हातोड्या जो मागेल त्याला द्याव्यात. भंगारवाल्याला दिल्या तर मी स्वप्नात येईन.

४. लहान फियाट नातीला, हेतलला. तिनेच ती माझ्या वाढदिवसाला आणली होती. तळहाताएवढी, धातूची. खोक्यातून काढली तेव्हा अशी चकचकीत की मला हसू आले. शहापूर-मुरबाड भाड्याने पळणारी गाडी अशी असते होय? मी तीस वर्षे चालवली आहे ती! मग कामाला लागलो. गाडी कपड्याच्या चिमट्यात धरायची आणि एका हाताने करायचे. बारीक वॉटर पेपरने घासून चकाकी घालवली. काळा रंग थिनरमध्ये पातळ करून दारांच्या फटींत सोडला आणि वरचा पुसून घेतला, तशी दारे वेगळी दिसू लागली. गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद बंपरला लावला. त्या गोळ्यांचा एवढाच गुण आला. मोडक्या चार्जरच्या तारा इंजिनात ओवल्या. पाकिटाच्या रेक्झिनचे सीट. लाल दोऱ्याच्या मिरच्या आणि पिवळ्या मेणाचे लिंबू पुढे टांगले. चाकांवरची माती मात्र खरी, म्हशाची, हेतलने काड्यापेटीतून आणलेली.

फक्त डावे मागचे दार राहिले आहे.

म्हशाच्या जत्रेत एका बैलाने त्या दाराला शिंग मारले होते. सावळी आत बसली होती. घाबरायचे सोडून बाई खो खो हसत सुटली. म्हणाली, "बैलालाही भाडं नाय परवडलं वाटतं!" मी पोचा आतून ठोकून काढला, पुट्टी भरली, रंग मारला. डोळ्यांना दिसत नसे, बोटाला लागे. पुढे सावळी गेली, तेव्हापासून गाडी पुसताना माझे बोट तिथे थांबायचे. आता तो पोचा दाराच्या मुठीच्या वर होता की खाली, तेच आठवत नाही. चुकीच्या जागी करणार नाही.

५. खरी फियाट म्हशाला चुलतभाऊ भगीरथच्या अंगणात आहे. सांभाळायला दिली होती. त्याने तीत कोंबड्या ठेवल्या आणि दारांना डांबर फासले. फोनवर म्हणतो, "रघ्या, गाडी काय देव्हाऱ्यात ठेवू रे? पोरी ऊब धरून बसल्यात, बसू दे." हेतलने जाऊन हात लावून पाहिले. "आजोबा, मला सगळंच खडबडीत लागतंय." तिचा काय दोष? ते बोट माझे हवे. भगीरथला माझ्याकडून काही नाही. कोंबड्यांना माफ केले.

६. समोरच्या घरातली धोंडूबाई मागच्या कार्तिकात वारली. तिलाही कित्येक वर्षे "जिना अवघड आहे, आजी" असेच सांगत. मेल्यावर चार जणांनी तिला बांबूला बांधून इतके अलगद नेले की वळणावर धक्का लागला नाही. "जपून रे, जपून" म्हणत होते. मी दारातून पाहिले आणि मला तिचा हेवा वाटला. माझ्या वेळीही ती चार माणसे येणारच आहेत. सुयोग, ती मला आत्ता दे. तेच बांबू, तोच दोर चालेल, मला अपशकून वाटत नाही. भीती एकच वाटते, की जिवंत आहे म्हणून मी इथेच राहीन.

७. वकीलबाई वर येऊन सही घ्यायला तयार आहेत. मी नको म्हणालो. तिसऱ्या मजल्यावर सही करणार नाही, खाली उतरेन तेव्हा करीन. तोवर हा कागद कोरा समजावा.

जोड मजकूर : काल रात्री सुयोगने हे वाचले. जेवला नाही. सकाळी दोन बांबू, दोर आणि भाताच्या गिरणीतला वाळू वाघ धरून तिघे गडी घेऊन आला. खुर्ची बांबूंना बांधली, मला खुर्चीला. खाली गाडी उभी आहे, म्हशाला जायला. लहान फियाट माझ्या मांडीवर आहे. ज्या वळणावर कपाळ फुटले होते तिथे वाळू दम खायला थांबला आहे. पुढचे दोन मजले कसे जातील सांगता येत नाही, म्हणून सही इथेच करतो. अक्षर हलले असेल तर ते आनंदाने हलले आहे.

वळणावर सुयोग म्हणाला, "जपून रे, जपून." मला ऐकू आले.

सही : रघुनाथ चांगो पष्टे

आमच्यासमोर सही केली :
वाळू रामा वाघ (डावा हात खुर्चीला, उजव्याने सही)
मीना भोईर, दुसरा मजला (टेकायला पाट दिला)

तारीख : १२ जानेवारी २०२५, जत्रेच्या आदल्या दिवशी
ठिकाण : आसनगाव, तिसऱ्या मजल्याच्या खाली