ड्रममागचा आवाज

डोंबिवली
४ ऑक्टोबर १९८६

ती. स्व. भागीरथीवहिनीस,
कान्हाचा सा. न. वि. वि.

तुझ्या शेजारच्या राघोने निरोप दिला. कॅसेट ऐकल्यापासून तू धड जेवत नाहीस म्हणे. वहिनी, मी दादाला शब्द दिलेला, खरं आहे. त्याचं दर्याच्या भरतीचं गाणं त्याच्याच आवाजात काढणार होतो. पण दादा काविळीत गेला, आणि कंपनी म्हणाली, गिटार-ड्रमवरचं रॉक गाणं खपवायचं तर नावाजलेला गायक हवा. आमच्या धंद्यात असंच चालतं. आधी कुणीतरी डमी गातो, मग मोठा गायक येऊन त्यावर आवाज भरतो. डमी पुसली जाते.

तरी एक सांगतो. नौपाड्यातला स्टुडिओ एवढासा, म्हणून दादा ड्रमला खेटून गायलेला. ड्रमच्या माइकात त्याचा आवाज शिरला, तो काही निघाला नाही. मागे कुठेतरी दादा आहेच. कान देऊन ऐक.

आईला औषध वेळेवर दे. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा
कान्हा


चेंदणी कोळीवाडा, ठाणे
२० ऑक्टोबर १९८६

चि. कान्हास,
वहिनीचे अनेक आशीर्वाद.

सासूबाईंचा खोकला कमी आहे. तुझ्या आवडीचे सोडे राघोबरोबर पाठवते. बायकोला करू दे, तू नुसता चाखत बसशील.

मला कुणी शाळेत घातलं नाही. ह्यांनी आणलेल्या कॅसेटच्या कव्हरांवरची अक्षरं जुळवत मी वाचायला शिकले. म्हणून तुझं कव्हरही उलटसुलट करून वाचलं. गायकाचं नाव आहे, गिटारवाल्याचं आहे, चहा देणाऱ्याचेसुद्धा आभार आहेत. शब्द आणि चाल कान्हा. तुझा दादा, परशुराम, कुठेच नाही. आवाज पुसायला कंपनीने सांगितलं. नाव पुसायला कुणी सांगितलं रे?

कान देऊन ऐकलं. दुसऱ्या कडव्याआधी हे श्वास घेतात. तेवढंच ऐकू येतं.

जिवाला जप.

भागीरथी


डोंबिवली
११ जून १९९५

ती. स्व. वहिनीस,
सा. न. वि. वि.

मध्ये पत्र नाही, माझीच चूक. पेपरातला फोटो पाहिला असशील. आता रॉकवाली पोरं स्टुडिओबाहेर ताटकळतात, आणि मी काचेमागून बोट उचललं की गाणं सुरू होतं. भरतीच्या गाण्यावर नशीब फिरलं ते फिरलंच.

एक मागायचं आहे. माझ्या हळदीला आई गायलेली आणि दादाने ते टेप केलेलं. आईला जाऊन आठ वर्षं होत आली. परवा तिचा आवाज आठवायला गेलो, तर आठवेना. वहिनी, गिटारची एक तार उतरलेली असली तरी मला बाहेरून कळतं. आणि आईचा आवाज आठवत नाही. ती कॅसेट दे.

तुझा
कान्हा


चेंदणी
२५ जून १९९५

चि. कान्हास,
अनेक आशीर्वाद.

कॅसेट आहे. दर नारळी पुनवेला लावते. काय गळा होता सासूबाईंचा!

भरतीच्या गाण्याचं नवं कव्हर काढ, त्यावर एवढं छाप: शब्द, चाल आणि पहिला आवाज परशुराम. ते हातात पडलं की ये. सुकट-भाकरी खा आणि तुझी आई घेऊन जा.

वाट बघते.

भागीरथी


डोंबिवली
९ जुलै १९९५

ती. स्व. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आता नाव बदललं तर लोक विचारतील, इतकी वर्षं काय केलंस? त्या गाण्यावर माझं सगळं उभं आहे. दुसरं काहीही माग. खोपटला तुझ्या नावावर फ्लॅट घेतो. आई माझीसुद्धा होती ना गं? पुढच्या बुधवारी ड्रायव्हर दौलतला पाठवतोय. त्याला रिकाम्या हाताने परतवू नकोस.

तुझा
कान्हा


चेंदणी
१९ जुलै १९९५

चि. कान्हास,
अनेक आशीर्वाद.

दौलतला रिकाम्या हाताने पाठवत नाही. पोराने दोन भाकऱ्या खाल्ल्या. कॅसेट त्याच्याजवळ दिली आहे.

समोरच्या रंगूबाईकडून दुसरा टेपरेकॉर्डर आणला. आपल्या टेपरेकॉर्डरवर सासूबाईंची कॅसेट लावली, अगदी हळू. रंगूबाईच्यात कोरी कॅसेट घालून रेकॉर्डचं बटण दाबलं आणि मी मोठ्याने गायले. त्यांचीच हळद, पहिल्यापासून शेवटपर्यंत. रंगूबाईने पत्र्याचा डबा बडवला, तुझ्या ड्रमसारखा. नवरा गेलेल्या बाईने हळद गायची नसते. मी गायले. माझा गळा कसा फाटका आहे, तुला ठाऊकच आहे. आधी डमी, मग त्यावर दुसऱ्याचा आवाज. रीत तुझ्याच धंद्यातली.

मूळ कॅसेट माझ्या उशाशी असते. मी गेले की माझ्याबरोबर सरणावर ठेवायला राघोला सांगितलं आहे. फ्लॅट दुसऱ्या कुणाला दे.

बायकोला आशीर्वाद सांग. सासूबाई मागे कुठेतरी आहेतच, दुसऱ्या कडव्याआधी त्याही श्वास घेतात. माझी मायाही तिथेच कुठेतरी आहे. कान देऊन ऐक.

भागीरथी परशुराम कोळी