पाहुण्याची घरी भरलेली काडतुसं

गारिकाईच्या बाबांना,

मोडलेला पाय इतक्यात जमिनीला टेकवू नका. इथे सगळे ठीक आहेत, गारिकाईसुद्धा, हे आधी वाचा.

या वेळचा पाहुणा स्वीडनचा दातांचा डॉक्टर. दुनळी रायफल आजोबांची, काडतुसं मात्र स्वतः भरलेली, ऐन हिवाळ्यात, तळघरात, दारू ठासून. मी म्हटलं, आमच्या शिकारीच्या कॅम्पात चार काडतुसं आधी उन्हात तापवून झाडून बघतात. झांबेझीच्या उन्हात दारू जास्त जोराने पेटते आणि पितळ फुगून नळीत अडकतं.

तो हसला. "बाई, तुम्ही आपला मक्याच्या पिठाचा साझा शिजवा."

आपले चिरंजीव गारिकाई म्हणाले, "आई, पाहुणा आहे, जाऊ दे."

सोमवारी रानरेडा अंगावर आला. डॉक्टरने दोन्ही बार काढले, रेडा नुसता जखमी झाला, आणि रिकामी काडतुसं नळीतून निघेनात. हा शूर शिकारी रायफल गुडघ्यावर आपटत उभा! गारिकाईने तुमच्या रायफलीने रेडा सात पावलांवर पाडला. ती काडतुसं मी तपासून दिली होती.

डॉक्टर आता म्हणतो, रायफलच वाईट. हा दातही चुकीचा उपटत असेल आणि दोष रोग्याला देत असेल. त्याची काडतुसं मी कुलपात टाकली आहेत.

गारिकाईला तुम्ही रागावू नका, ते मी पुरेसं केलं आहे. फक्त विचारा, जेवतोस का. तीन दिवस तो ताटावर बसतो आणि तसाच उठतो. मला विचारलं तर "जेवलो" म्हणतो. तुम्हाला खरं सांगेल.

तुमची
नेत्साई