सहा सेकंदांतला माणूस

अण्णा,

परवा दुपारी मुंबईहून एका माणसाचा फोन आला. मी जिथं नऊ वर्षं काम केलं त्या कंपनीचा इतिहास तो लिहितोय. सिनेमातली दृश्यं कॉम्प्युटरवर दुरुस्त करणाऱ्या आपल्याकडच्या सुरुवातीच्या कंपन्यांपैकी ती एक, म्हणून पुस्तक होणार म्हणे. कंपनी कसली, अंधेरीत दोन खोल्या आणि परदेशातून आणलेलं एक मशीन. मशीन तापू नये म्हणून एसी इतका थंड, की भर मे महिन्यात आम्ही स्वेटर घालून बसायचो. आता कंपनीही नाही आणि मशीनही भंगारात गेलं. हल्ली फोनवर बोट फिरवलं की फोटोतला माणूस जातो. आमचं कौतुक कशाला करायचं ते त्यालाच ठाऊक. त्यानं विचारलं, "हे काम तुम्ही शिकलात कुठं?" मी म्हटलं, सेनगावला, वडिलांच्या फोटो स्टुडिओत. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

पण शिकले तिथंच. बसस्टँडमागच्या त्या खोलीत तुम्ही मोठ्या केलेल्या फोटोंवर ब्रश फिरवायचात. मेलेल्या माणसाचे मिटलेले डोळे उघडायचे, घोळक्यातून एकट्याला वेगळं काढून भिंतीवर लावण्याजोगं करायचं. बारावी झाल्यावर मीही तुमच्या शेजारी बसायला लागले. एकदा तुम्ही बाहेर गेला होतात आणि एक बडा शेतकरी लग्नाचा फोटो घेऊन आला. बायकोला त्यानं सोडून दिलं होतं, आता फोटोत तो एकटाच पाहिजे होता. मी मागचा पडदा रंगवत रंगवत तिला घालवलं आणि मोठ्या ऐटीत तुम्हाला दाखवलं. तुम्ही कितीतरी वेळ फोटो उजेडात धरून उभे होतात.

"तिला इचारलं का?"

"ती काहून येईल इथं?"

"मंग तू जा. जित्या माणसाला असं पुसत न्हाईत, माय. तिला सांगून ये."

आणि तुम्ही मला खरंच जवळा बाजारच्या गाडीत बसवून दिलंत. तिथं माहेरी ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी मान खाली घालून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं तूच येऊन सांगितलं. दुसऱ्याच्या तोंडून आयकलं असतं तर लई लागलं असतं." मग तिनं मला चहा पाजला. येताना गाडीत मी रडले, आणि तुमचा भयंकर राग आला होता, तेही सांगून टाकते.

फोनवाल्याला ऐकायचं होतं ते कंपनीचं नाव ज्या शॉटनं झालं त्याबद्दल. हिरो तारेला लटकून जळत्या गोदामासमोरून झेप घेतो, धुरात शिरतो आणि मागं गोदाम कोसळतं. हिरो कसला, त्याच्या जागी दुसराच होता. धुरात तार तुटली. धूर विरला तसा तो चित्राच्या खालच्या कोपऱ्यात पडलेला दिसायला लागला. गोदाम पुन्हा बांधून पुन्हा जाळणं शक्य नव्हतं, म्हणून शॉट ठेवायचा आणि माणूस काढायचा असं ठरलं. काम माझ्याकडे आलं. सेकंदाला चोवीस चित्रं, असे सहा सेकंद. प्रत्येक चित्रात त्याचा हात जरा वेगळ्या जागी. तो हात हलवत होता, अण्णा, कुणाला तरी बोलावत होता. मी शेजारची माती उचलून त्याच्यावर टाकत गेले, एकेका चित्रात, चार दिवस. तिसऱ्या दिवशी कळलं की तो दवाखान्यातच वारला. मालक दारातून म्हणाले, "काम मत रोकना." मी खुर्चीतून उठलेसुद्धा नाही.

त्याच्या घरी कोण होतं, मला माहीत नाही. कधी चौकशी केली नाही. त्यांनी सिनेमा पाहिला असेल तर त्यांना तो धुरातून सुखरूप पलीकडे गेला असंच वाटलं असेल.

सिनेमा हिंगोलीला लागला तेव्हा मी सुट्टी काढून आले आणि तुम्हाला घेऊन गेले. मी फक्त तार पुसली, असं सांगितलं होतं. तो शॉट आला तसे तुम्ही खुर्चीत पुढं सरकलात. कुणीही रंगवलेला फोटो असो, त्यातली लपवाछपवी तुम्हाला लांबूनच कळायची. शॉट संपला आणि तुम्ही माझ्या कानाशी म्हणालात, "कुठं काय पुसलं, मलाबी दिसलं न्हाई. हात साफ हाय तुझा." पुढं दुकानात येईल त्याला तुम्ही ते सांगत राहिलात, आणि त्याच समाधानात गेलात. तोवर तुम्हाला सांगायला दोन वर्षं होती. दर दिवाळीला मी घरी येत होते.

फोनवर शेवटी त्यानं विचारलं, "त्या शॉटमध्ये नक्की काय काय काढलंत?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी सरळ विचारत होतं. मी म्हटलं, "तार." आज सकाळी त्यानं मजकूर वाचायला पाठवला. त्यात मशीन आहे, गोदाम आहे, माझं नाव आहे, तुमच्या स्टुडिओबद्दलही दोन ओळी आहेत. 'बरोबर आहे' असं मी कळवून टाकलं आणि मग हे लिहायला बसले. तुम्हाला सांगणं सोपं आहे, तुम्ही उलट काही विचारणार नाही. खरं तर हे त्या फोनवाल्याला लिहायला हवं होतं, ते लिहिलं नाही. आणि एक राहिलंच. त्या टॉकीजमध्ये तुम्ही शाबासकी दिलीत तेव्हा मला शरम वाटली नव्हती. आनंद झाला होता. अजूनही आठवलं की होतो.