राहू दे, पुढच्या वेळी सांग

बाई, तुमचा आवाज अजून आपल्या तलावावर आहे. तुम्ही जाऊन बारा वर्षे झाली, पण हिवाळ्यात शाळांच्या सहली सुरू झाल्या की तो सकाळी मुलांबरोबर नावेत बसतो आणि बेटापर्यंत जातो. मी फक्त तो ज्यातून येतो तो लहानसा स्पीकर मांडीवर धरून बसते. बेटावरचे खडक आणि पाणपक्षी जपायचे, ते मुलांना दाखवायचे असे गावाच्या समितीने ठरवले, तेव्हा माहिती सांगण्यासाठी शिकलेली मुलगी म्हणून त्यांनी मला बोलावले. दहावीला शाळेत पहिली आलेली ही मुलगी चार माणसांसमोर तोंड उघडू शकत नाही, हे त्यांना कसे ठाऊक असणार? तुम्हाला ठाऊक होते. मी नाही म्हणू शकले नाही, कारण नाही म्हणायलाही बोलावे लागते. घरी येऊन तुमची कॅसेट शोधली, तुमसरच्या एका दुकानातून ती मोबाइलमध्ये उतरवून घेतली, आणि पहिल्या सहलीपासून माझ्या जागी तुम्ही बोलू लागलात.

सातवीच्या वर्षी तुम्ही मला एकदाच रागावलात. बेटावरून निळसर पट्ट्यांचा एक दगड मी कंपासपेटीत लपवून आणला होता. वर्गात पेटी उघडली तेव्हा तुम्ही तो पाहिला, आणि सर्वांसमोर काही न बोलता शाळा सुटल्यावर मला थांबवून घेतले. "तुझ्या घराची एक वीट रोज एकानं नेली, तर घर किती दिवस राहील?" असे तुम्ही विचारले. उन्हाळ्याचे दिवस होते, तलाव इतका आटला होता की बेटापर्यंत चालत जाता येई. तुम्ही मला एकटीला पाठवले आणि स्वतः पाळीवर, तलावाच्या बांधावर, छत्री घेऊन उभ्या राहिलात. भेगाळलेल्या गाळावरून मी गेले, दगड त्याच्या खाचेत ठेवला आणि मागे वळून पाहिले, तर पाळीवर तुम्ही दिसत नव्हता. नंतर कळले की तुम्ही सावलीत बसल्या होतात. पण त्या क्षणी मला वाटले, मी दगड परत ठेवला आणि त्याच्या बदल्यात कोणीतरी तुम्हाला उचलून नेले.

कॅसेटचा दिवस त्यानंतरच्या हिवाळ्यातला. तुमच्या गळ्याभोवती मफलर आहे, आवाज बसत चालला आहे, आणि तो पूर्ण जाण्याआधी धडा भरून ठेवायचा म्हणून शाळेचा टेपरेकॉर्डर नावेच्या फळीवर ठेवला आहे. तुम्ही खडकांचे वय सांगता, टिटवीची अंडी का उचलू नयेत ते सांगता, आणि मग विचारता, "गावात म्हणतात, हे बेट राकसानं खांद्यावरून आणलं आणि थकला म्हणून इथं टाकलं. खरं काय? कोणी आणलं हे इथं?" मुले हसतात. मागून एक जण म्हणतो, "बाई, याच्या आज्यानं आणलं!" तुम्हीही हसता, खोकता, आणि म्हणता, "मागची, खिडकीजवळ बसणारी. तू सांग." नावेत खिडकी नव्हती, पण सगळ्यांना कळले. मला उत्तर येत होते. मी ते पुस्तकातल्यासारखे नीट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत मनात रचत होते. वाक्य पूर्ण होण्याआधीच तुम्ही म्हणालात, "राहू दे, पुढच्या वेळी सांग. आता उतरा. उजव्या हातानं चला, तिथं पाणी घोट्याएवढं आहे. भिऊ नका." संक्रांतीच्या आधी तुम्ही गेलात. महिनाभराने तुमच्या बहिणीने ती कॅसेट माझ्या घरी आणून दिली. डबीवर नाव नव्हते. तुमच्या अक्षरात माझा हजेरी क्रमांक होता.

तुमच्या प्रश्नानंतर त्या ध्वनिफितीत जी शांतता आहे, ती माझी आहे. पाणी फळीला लागते, दूर टिटवी ओरडते, आणि कान देऊन ऐकले तर कोणीतरी बोलण्यासाठी आत घेतलेला श्वास ऐकू येतो. तो श्वास परत बाहेर पडत नाही. पहिल्या वर्षी त्या शांततेत मी बाटली उघडून दोन घोट पाणी पीत असे, आणि दुसऱ्या घोटाला तुम्ही बोलत असा. गेल्या वर्षी पाणी पिऊन, झाकण लावून, बाटली पिशवीत ठेवून झाली तरी तुम्ही बोलला नव्हता. जुनी फीत ओढली जाऊन सैल होते, हे मी वाचले आहे. पण मोबाइलमधली नक्कल सैल होत नाही, हेही वाचले आहे. नाव चालवणाऱ्या ढिवर मामांना मी हळूच विचारले, तर ते वल्हे न थांबवता म्हणाले, "मले काय समजते, मास्तरीनबाई? तुमच्या बाई मेल्यावरबी हजेरी घेऊन राहिल्या, एवढंच दिसते."

या वर्षीची पहिली सहल मागच्या शनिवारी झाली. उन्हाळ्यात यंत्र लावून तलावाचा गाळ काढला होता, आणि तो नेमका बेटाच्या उजव्या अंगाने. मामांनी आधीच बजावले होते, "इकून हत्ती बुडन एवढा खड्डा हाय. पोट्टेहो, डाव्या अंगानं उतरा." तुमचे ते शेवटचे वाक्य मला कापून टाकता आले असते, पण तुमच्या आवाजाला कात्री लावायला हात धजला नाही. प्रश्न संपला की बंद करायचे, असे मी ठरवले होते. तुम्ही प्रश्न विचारला. शांतता सुरू झाली. नाव डाव्या काठाला लागली, मुले एकेक करून उतरली, आणि शांतता संपेना. मी त्या श्वासाची वाट पाहत बसले. माझ्या लक्षात आले तेव्हा तुम्ही म्हणत होता, "उजव्या हातानं चला. भिऊ नका," आणि सगळी मुले रांगेने, एक शब्द न बोलता, उजवीकडे निघाली होती. इतका वेळ कलकलाट करणारी ती मुले शहाण्यासारखी चालत होती. पुढची लहान मुलगी गुडघ्यापर्यंत पाण्यात गेली. नावेतून मामा ओरडले, "अवो, थांबव ना त्याईले! आयकत नाई ते माह्यं!"

मी ओरडले. काही रचले नाही. "थांबा वो! खोल हाय तिकडे! मांगं या!" आवाज पाण्यावरून गेला आणि बेटाला लागून परत आला. मुले थांबली. पण बाई, एकानेही माझ्याकडे पाहिले नाही. सगळ्यांनी माझ्या हातातल्या स्पीकरकडे पाहिले, तुम्ही परवानगी देता का म्हणून. मी तो बंद केला. तेव्हा कुठे ती मुलगी मागे वळली.

नंतर खडकावर बसून ओला फ्रॉक पिळत तिनेच विचारले, "ताई, मंग बेट कोनं आनलं?" मी सांगितले, कोणीच आणले नाही. हा खडक इथेच होता. भोवतालची मऊ माती, मऊ खडक लाखो वर्षांत झिजून गेले, आणि जे झिजले नाही ते बेट झाले. ती म्हणाली, "म्हंजे बाकीचे गेले, हा राहिला." मी हो म्हटले. तो सबंध तास मीच बोलले. परतताना मामा म्हणाले, "आज तं रेडिओच लागला बावा!"

समितीला मी सांगितले आहे की ध्वनिफीत खराब झाली. ती खराब झालेली नाही. शनिवारपासून रोज सकाळी चूल पेटवण्याआधी मी ती लावते, तुमच्या प्रश्नापर्यंत ऐकते, आणि तो श्वास आत गेला की बंद करते. हे पत्र कॅसेटच्या डबीत घडी करून ठेवीन. दुसरा पत्ता मला माहीत नाही. मुलांना मी उत्तर दिले, तुम्हाला अजून दिलेले नाही. दिले तर तुम्ही "राहू दे" म्हणणार नाही, हे मला कळते. पण मग तुम्हाला माझी वाट पाहायचे काही कारण उरणार नाही.