मशीनचं कुंकू

२१ सप्टेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. शिवाय रोज भाजी करायची, खिचडी बंद.

अकोल्याच्या डाळ मिलमध्ये सहा वर्षं झाली. सॉर्टिंग मशीन माझ्याकडे. तिचा कॅमेरा काचेतून तुरीच्या डाळीचा दाणा न् दाणा बघतो, डागी दिसला की हवेने उडवतो. लोक म्हणतात, मशीन आपोआप चालते. म्हणोत. माझ्याशिवाय ती चालत नाही, म्हणून तर मला सुट्टी मिळत नाही. मागितलेली नाही. पण मागितली तरी मिळणार नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार
हिवरखेडहून प्रणालीचा फोन. म्हणाली, दसऱ्याले येऊन राहिले का नाही ते एकदा सांगा, पोरगी रोज इचारते. मी समजावलं की दसऱ्याला मशीनची पूजा असते, नारळ ऑपरेटरच्याच हातून फुटावा लागतो. म्हणाली, मंग तिलेच घेऊन या घरी. बायकोला मशीनचा हेवा वाटतो. साहजिक आहे.
खिचडी केली. उद्यापासून भाजी.

२७ सप्टेंबर, शनिवार
प्रीतम म्हणून नवा ऑपरेटर आलाय, आयटीआय झालेला. म्हणाला, दादा, घरी काहून जात नाई? मी हावो ना. मी म्हटलं, तुला तिचा स्वभाव माहीत नाही. त्याने ती दोन तास चालवली. योगायोग.

दसऱ्याला तो आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जाणार. सुपरवायझर नत्थुजी पातूरला. कोणीतरी जबाबदार माणूस मागे हवाच.

१ ऑक्टोबर, बुधवार
उद्या मिल बंद, म्हणून पूजा आजच उरकली. मी नवा शर्ट घालायला गेलो, तेवढ्यात नत्थुजींनी नारळ फोडून टाकला. म्हणाले, गाडी सुटते बाप्पा माही. पाचची एसटी मलाही मिळाली असती. पण अशा अवस्थेत मशीनला एकटं कसं सोडायचं?

२ ऑक्टोबर, दसरा
डबा विसरलो असं वॉचमनला सांगून आत गेलो. मशीनची पूजा माझ्या हाताने पुन्हा केली. झेंडूचा हार, उदबत्ती. कुंकू पॅनलवर लावून मन भरेना, म्हणून झाकण उघडून कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर पाच बोटं ओढली. आपट्याचं पान ठेवून मोठ्याने म्हटलं, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. उत्तर आलं नाही. लाइट बंद होते.

खोलीवर बसून राहिलो. घरमालक कुलूप लावून गावी गेलेले. सोनं द्यायला कोणी आलं नाही. प्रणाली फोन करेल म्हणून मी केला नाही. फार एकटं वाटलं.
खिचडी.

३ ऑक्टोबर, शुक्रवार, दुपारी १
मशीन सुरू होताच चांगली डाळ बाहेर फेकू लागली! मला आतून बरंच वाटलं. नत्थुजींना सांगितलं, नारळ माझ्या हातून फुटला नाही ना, म्हणून रुसली. हवेचं प्रेशर तपासलं. सेटिंग तीनदा बदललं. दीड तास गेला. मग प्रीतमने झाकण उघडून काच पुसली. दोन मिनिटं. फडकं लाल. म्हणाला, दादा, कोनतरी हिच्या डोयात कुंकू घातलं. सगळे हसले. मीही हसलो आणि कोण असेल बुवा तो, असं म्हणालो.

नत्थुजी म्हणाले, तू जाय आता चार दिवस घरी, प्रीतम पाहून घेते. सहा वर्षांत पहिली सुट्टी, न मागता.

४ ऑक्टोबर, शनिवार, हिवरखेड
मिलमधून फोन नाही. रेंज फुल आहे.

पोरीसाठी, आकांक्षासाठी, खिशात आणलेली आपट्याची पानं चुरा झाली. तिला म्हटलं, चल, तूच दे मला सोनं. म्हणाली, तुमाले त देलं मी दसऱ्यालेच. कोनाड्यात माझा फोटो होता, त्याच्यापुढे पानं. प्रणालीने सांगितलं की शेजारच्या भागीरथाबाई ते बघून घाबरल्या, काय झालं वं तुया बापाले म्हणाल्या. तर पोरगी म्हणाली, काई नाई, कामावर हायेत.

कोणी बघत नाही असं पाहून फोटोपुढचं एक पान उचललं आणि माझं मीच घेतलं.