वसुंधरेच्या चार आकड्यांबाबत

मी, पंढरीनाथ विष्णू पागे, वय ७१, राहणार विजय नगर, इंदूर, भंवरकुआंच्या कोचिंगमध्ये एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवून निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहितो. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. रुची बापट यांनी दिला आहे. पत्नीने त्यावर मत द्यायला नकार दिला.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतल्या ठेवी पत्नी वसुंधरा हिला. तिच्यामागे मुलगी सोनल हिला.

२. संभाव्यतेची पुस्तकं आणि कॅल्क्युलेटर जावई भूषण याला. तो शेअर बाजारात खेळतो, त्याला गरज आहे.

३. मेहुणा शरद याला काही नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा कायदा आहे. त्याला साक्षीदार केलं ते म्हणूनच.

४. आता मुख्य. कॉलनीच्या गणेशोत्सवात १ ते ४० पैकी चार आकडे भरायचे, चारही लागले तर स्कूटी. शक्यता ९१,३९० त एक. स्कूटी दर वर्षी शोरूममधून येते, हार घालून घेते आणि परत जाते. वसुंधरा बावीस वर्षं ३, ११, १४, २६ भरायची: आम्हां तिघांच्या जन्मतारखा आणि लग्नाची तारीख. २०२२ साली मी तिला समजावलं, "तारखा सगळेच भरतात, लागल्या तरी स्कूटी वाटून घ्यावी लागेल. एकतिसाच्या वरचे भर." ती नाही म्हणाली. मी तिच्या चिठ्ठीवरचे आकडे खोडून ३३, ३५, ३८, ३९ लिहिले.

निघाले ३, ११, १४, २६. दुसऱ्या कोणीही भरले नव्हते.

ती भांडली नाही. "मान गए सर, तुमचं गणित एकदम पक्कं आहे," एवढंच म्हणाली. तेव्हापासून मला 'अहो' नाही, 'सर'च म्हणते.

५. तिने आकडे भरणंही सोडलं. "एकदा निकल चुके, आता थोडेच येणार?" हे चूक आहे. डब्यातल्या गोट्यांना मागचं काही आठवत नाही. शक्यता आजही तेवढीच आहे, रतीभरही कमी नाही. चिठ्ठी तिची होती, मी हात लावायला नको होता. मला वाईट वाटतं. तोंडाने सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितो.

सबब, चिठ्ठीचे दरसाल वीस रुपये माझ्या ठेवीच्या व्याजातून द्यावेत आणि तिने तेच चार आकडे भरावेत. खोडायला मी नसेन. इतर कोणी, विशेषतः शरदने, ते भरू नयेत.

पंढरीनाथ विष्णू पागे (सही)
इंदूर, १२ जानेवारी २०२६

साक्षीदार १: डॉ. रुची बापट (सही)

साक्षीदार २: शरद मुळ्ये (सही). भावजी, सही केली. ताईने वाचलं. म्हणाली, "सरांना सांग, मी तीन वर्षांपासून तेच भरते आहे. विचारून कौन भरता है?"