उजव्या बोटावरची शाई

मतदानाचा दिवस, संध्याकाळ. मैलापूर, चेन्नई.

सुटले बाई एकदाची!

अप्पांना आता दिसत नाही, म्हणून यंदा त्यांच्या वतीने बटण दाबायला कुणीतरी सोबत जायचं होतं. आमच्या तंजावरी मराठी मंडळातली घरं सगळी एकाच पक्षाची, अप्पाही. वेगळी काय ती मी एकटी. मंडळाचे नाना तर माझ्यासमोरच म्हणाले, "तिला नेऊ नका. ती स्वतःचंच दाबेल. मी येतो." तरी अप्पांनी या लेकीचंच नाव घेतलं. का?

आधी माझं मत दिलं, डाव्या बोटाला शाई. मग सोबतीण म्हणून उजव्या बोटालाही. आत अप्पांनी कानात त्यांचं चिन्ह सांगितलं. माझं नेमकं त्याच्याच खाली. इथे खोटं कशाला लिहू? ते उजवं बोट क्षणभर खाली सरकलं होतं. कुणाला कळलं असतं? पण दाबलं अप्पांचंच.

ऑटोत बसलो. मीच आपणहून म्हटलं, "तुमचंच दाबलं हं."

"सरि, मा. बरं पोरी, ठाऊक आहे."

"मग नानांना का नाही नेलंत?"

"नाना माझ्या प्रत्येक बोलण्यावर नुसती मान डोलावतो. तू इतकी वर्षं भांडतेस. माझी बाजू तुझ्याइतकी कुणाला पाठ आहे?"

आत्ता भात कालवताना उजव्या बोटाकडेच लक्ष जात होतं. ही शाई लवकर जाऊ नये.